मालकांना विचारून सांगते

गिऱ्हाइकाला नकार देणं ही एक कला आहे, आणि चष्म्याच्या दुकानातल्या काकूंना ती बाळकडूतूनच मिळाली असावी. भाव कमी करा म्हणून कोणी गळ घातली तर काकू कधीच नाही म्हणत नसत. चेहरा असा करायच्या, की समोरच्याला वाटावं, या बाईच्या हातात असतं तर हिनं फ्रेम फुकट बांधून दिली असती. मग म्हणायच्या, "थांबा हं, मालकांना विचारून सांगते." आणि काउंटरमागचा जाड हिरवा पडदा सारून आत जायच्या.

पडद्याआड एक अरुंद खोली होती. तिथं काच घासायचं चाक, चाकावर थेंबथेंब पाणी सोडणारी नळी, एक बिनपाठीचं स्टूल आणि त्या स्टुलावर मालक, म्हणजे काकूंचे यजमान. ते फ्रेमच्या मापानं काच घासत बसलेले असायचे. काकू आत आल्या तरी मान वर करायचे नाहीत. काकूही त्यांना काही विचारायच्या नाहीत. कोपऱ्यातल्या जगमधून पेलाभर पाणी ओतून घ्यायच्या, दोन घोट प्यायच्या, तोंड पुसायच्या आणि बाहेर यायच्या. "नाही म्हणतात हो," त्या हळू आवाजात सांगायच्या. "काय करू, स्वभावच तसा आहे त्यांचा."

तीसेक वर्षं हे असं चाललं. बाजारात मालकांची ख्याती झाली ती झालीच. बाई लाखात एक, पण नवरा महाखडूस. खरं काय ते त्या दोघांनाच ठाऊक होतं. मालकांना आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलं नाही. एकदा काकू दाढ काढायला गेल्या, तेवढ्या दुपारात काउंटरवर बसून त्यांनी निम्म्या दुकानाचं दान केलं होतं. कोणी म्हणालं मुलीची परीक्षा आहे, कोणी म्हणालं पुढच्या महिन्यात देतो, आणि हे आपले सगळ्यांना हो, हो, हो. त्या दिवसापासून काकूंनी त्यांना पडद्याबाहेर बसू दिलं नाही. त्यांचीही काही तक्रार नव्हती. कधीकधी चाक बंद करून, काच उजेडात धरून ते विचारायचे, "आज किती वाईट झालो मी?"

"थोडेच," काकू म्हणायच्या.

हिवाळ्यात मालक गेले. दुपारचे जेवून जरा आडवे झाले, ते उठले नाहीत. लोक आले, बसले, गेले. काकूंनी सगळ्यांना पाणी दिलं, कोणत्या चपला कोणाच्या हेही त्यांनीच शोधून दिलं. त्या रडल्या नाहीत. नात्यातल्या बायका आधी म्हणाल्या, धीराची आहे. मग म्हणाल्या, बसलाय धक्का, येईल बाहेर. मग म्हणेनाशा झाल्या. काकूंना काहीच वाटत नव्हतं. डोळे तपासताना बुबुळ मोठं करणारे थेंब घातले की सगळं धूसर दिसतं, दुखत मात्र नाही, तसं काहीतरी झालं होतं. आणि काही वाटत नाही याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

मुलगी दुसऱ्या शहरात होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "आई, जेवलीस का?" या प्रश्नापाठोपाठ ती हलकेच विचारायची, "रडलीस का?"

"वेळच नाही मिळाला गं," काकू सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं. दुकान त्यांनी लगेच उघडलं होतं. सकाळी कुलूप काढलं की सवयीनं आधी पडद्यामागचा दिवा लावायच्या, मग पंखा, मग बाहेरचं. चाक कोरडं पडलं होतं. काचा घासायचं काम आता शहराबाहेरच्या कारखान्याकडं जात होतं. स्टुलावर फ्रेमची खोकी येऊन बसली होती.

मालक गेल्यावर पहिल्यांदा भाव करायला आली ती समोरच्या गल्लीतली शिंपीण. बिचारी सवयीनं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण त्याआधीच काकूंच्या तोंडून निघालं होतं, "मालकांना विचारून सांगते." काकू आत गेल्या, दोन घोट पाणी प्यायल्या, बाहेर आल्या. "नाही म्हणतात." शिंपिणीनं एक शब्द न बोलता पूर्ण पैसे मोजले. तिनं बाहेर कोणाला सांगितलं की नाही देव जाणे, पण त्यानंतर बाजारातलं कोणी भाव करेना. सगळ्यांनी मिळून तो पडदा जसा होता तसा राहू दिला. माणसं वाईट नसतात. फक्त खरं कोणी म्हणायचं आणि कसं, हा प्रश्न असतो.

तर अशात तो नवा कॉम्प्युटर आला.

जुना फार साधा होता. बटण दाबलं की थोडा घरघरायचा आणि सरळ बिलाचा कागद पुढ्यात ठेवायचा. तू कोण, कुठला, असं त्यानं कधी कोणाला विचारलं नाही. जो खुर्चीत बसेल तो मालक. पण कारखान्यानं कळवलं, की जुन्या सिस्टिमवरून ऑर्डर घेणं आता बंद. फोनवरूनही नाही, नंबर ऐकण्यात चुका होतात. नवीन मशीन बसवा, आमचा माणूस येऊन सगळं लावून देईल.

कारखान्याचा माणूस चाळिशीतला, घामेजलेला, स्वभावानं गोड होता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाकडून आला होता. या बाजारातलं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्यानं खोकी उघडली, वायरी जोडल्या आणि काकूंना समजावून सांगायला लागला. "आता प्रत्येकाचं वेगळं अकाउंट, काकू. वेगळं लॉगिन, वेगळा पासवर्ड. कोणी कोणाच्या जागी बसायचं नाही. दुकानात माणसं किती?"

"दोन," काकू म्हणाल्या.

त्या खोटं बोलल्या नाहीत. इतकी वर्षं तोंडात असलेलं उत्तर होतं, ते पडलं. पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर तो पुढच्या प्रश्नाला पोचला होता.

"यातलं एक मुख्य लागेल. काही नवीन टाकायचं, काही बदलायचं, तर मशीन त्याची परवानगी मागणार. बाकीची साधी. तर मुख्य कोणाच्या नावानं करू?"

इथं काकूंना दोन शब्द म्हणायचे होते. माझ्याच नावानं. ते ओठावर आलेसुद्धा. पण कोणी काही मागितलं, अडून बसलं, की या दुकानात एकच वाक्य बोललं जात असे.

"मालकांना विचारून सांगते," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.

आत दिवा जळत होता, पंखा फिरत होता. काकू दोन घोट पाणी प्यायल्या. खोक्यांवरची धूळ बोटानं पुसली. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "त्यांच्याच नावानं करा."

"नाव काय घालू?"

"मालक. एवढंच घाला."

त्यानं घातलं. दुसऱ्याला 'काकू' असं नाव दिलं. मशीनच्या पडद्यावर शेजारीशेजारी दोन गोल उमटले, दोन्हींत बिनचेहऱ्याची करडी डोकी. काकूंचा पासवर्ड तिथल्या तिथं ठरला. मग तो माणूस उठला, हिरव्या पडद्याकडं तोंड करून जरा मोठ्यानं बोलला, "काका, तुमच्यासाठी तात्पुरता पासवर्ड ठेवलाय. 'चष्मा' आणि पुढं शून्य. हातातलं काम झालं की एकदा आत शिरा आणि तुमचा स्वतःचा टाका. आठवड्याभरात टाका हं, नाहीतर त्याची मुदत संपेल."

पंखा घरघरला.

"ऐकलं त्यांनी," काकू म्हणाल्या.

"कामात आहेत वाटतं."

"असतात."

तो पाणी प्यायला, आणि जाताना पुन्हा पडद्याकडं बघून म्हणाला, "येतो काका."

नवी सिस्टिम म्हणजे डोक्याला ताप होता. ओळखीची एक वस्तू जागेवर नव्हती. बिलाचं चित्र डावीकडून नाहीसं होऊन खाली मध्यभागी जाऊन बसलं होतं. छापायचं बटण तर तीन पडदे उलगडल्याशिवाय दिसत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप घ्यायला काकू जरा वळल्या, की मशीन स्वतःला कुलूप लावून घ्यायचं आणि परत आल्यावर विचारायचं, आपण कोण? लग्नाकार्यात भेटणारा एखादा दूरचा नातेवाईक असतो ना, दर वेळी नव्यानं ओळख करून घेणारा, त्यातली गत. काकू न चिडता पुन्हा पासवर्ड टाकायच्या. चिडायला आतून काहीतरी लागतं, तेच नव्हतं. त्यामुळं गंमत अशी झाली, की भल्याभल्यांना रडवणारी ती सिस्टिम काकूंना चार दिवसांत यायला लागली.

अडलं ते बसवाल्याच्या चष्म्यापाशी.

बसवाला म्हणजे शहराची बस चालवणारा, दुकानाचं फार जुनं गिऱ्हाईक. त्याच्या नाकावर पहिला चष्मा चढवला तो मालकांनीच. त्याच्या नातीनं आजोबांच्या चष्म्यावर बसकण मारली आणि दोन्ही काचांचा चुरा केला. जुना ओरखडलेला चष्मा लावून तो डेपोत गेला, तर साहेबांनी त्याला गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं आणि टेबलावर बसवलं.

"दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या किती वाजता सुटल्या ते लिहितोय," तो म्हणाला. "काकू, माझा चष्मा लवकर करा. मला त्या खुर्चीत मरण येईल." आणि मग त्याला वाटलं आपण भलतंच बोललो, म्हणून तो बुटांकडं बघायला लागला.

काकूंनी नंबर तपासला, बुबुळांमधलं अंतर मोजलं, जवळचं बघायची चकती काचेत कुठं यावी तिथं शाईचा ठिपका दिला. मग ऑर्डर पाठवायला मशीनपुढं बसल्या. कारखान्याचा ऑर्डर घेणारा प्रोग्राम आधी उतरवून घ्यायला हवा होता. काकूंनी बटण दाबलं. पडदा काळवंडला आणि मधोमध एक चौकट आली. या बदलासाठी मालक यांची परवानगी आवश्यक आहे. कृपया मालक यांना पासवर्ड टाकण्यास सांगा.

काकू बघत राहिल्या.

"काय म्हणतंय?" बसवाल्यानं विचारलं. ओरखडलेल्या काचांतून त्याला ते वाचता येत नव्हतं.

"परवानगी मागतंय."

"कोणाची?"

"मालकांची."

बसवाला पुन्हा बुटांकडं बघायला लागला. तोही मालकांना पोचवायला गेला होता.

काकूंनी 'चष्मा' लिहून पुढं शून्य टाकलं. मशीन म्हणालं, हा तात्पुरता पासवर्ड आहे. मालक यांनी प्रथम स्वतःच्या खात्यात येऊन नवा पासवर्ड ठरवावा. परवानगी नाकारली आहे.

इतकी वर्षं काकूंनी मालकांच्या नावानं बाजारभर नकार वाटले होते. आता त्याच नावानं त्यांना नकार मिळाला होता. दुसऱ्या कोणावर ही वेळ आली असती तर काकू गालातल्या गालात हसल्या असत्या. त्यांनी चौकट बंद केली आणि बसवाल्याला सांगितलं, "उद्या या."

दुकान बंद करायच्या आधी त्यांनी बाहेरचं शटर अर्धं ओढलं आणि 'मालक' लिहिलेल्या गोलावर टिचकी मारली. तात्पुरता पासवर्ड घातला. मशीननं आनंदानं दार उघडलं. स्वागत आहे, मालक. आपण प्रथमच येत आहात. कृपया आपला पासवर्ड ठरवा. खाली रिकामी पट्टी, आणि तिच्यात उघडझाप करणारी एक उभी रेघ.

काय अवघड होतं? चार अक्षरं, दोन आकडे. काहीही चाललं असतं. बघायला कोणी नव्हतं. काकूंनी हात कीबोर्डवर ठेवले आणि हात तसेच राहिले. त्या जे काही लिहितील ते त्यांचं असणार होतं. मालकांनी काय लिहिलं असतं, याचा त्यांनी विचार करून बघितला, आणि त्यांना काही सुचलं नाही. इतकी वर्षं ज्याच्या मनातलं सगळं आपण ओळखतो असं वाटत होतं, त्याचा एक साधा पासवर्ड त्यांना ठरवता येईना. रेघ उघडझाप करत राहिली. मग मशीन कंटाळलं आणि परत दोन गोलांवर येऊन थांबलं.

दुसऱ्या दिवशी बसवाला आला, खुर्चीत बसला. काकू म्हणाल्या, "उद्या." तिसऱ्या दिवशीही तेच. तो सरळ दुसऱ्या दुकानात गेला असता तर संध्याकाळपर्यंत त्याच्या नाकावर चष्मा असता, पण ते त्याच्या मनातही आलं नाही. फक्त एकदा घसा खाकरून म्हणाला, "काकू, मी टाकू का काहीतरी? पासवर्ड म्हणजे काय, बोटांनी बडवायचं."

"त्यांचा आहे तो," काकू म्हणाल्या.

आणखी ऑर्डरी साचल्या. कागदाच्या पाकिटांत फ्रेमा ठेवून काकू वर नंबर लिहीत राहिल्या. एक पेटी भरली, दुसरी सुरू झाली. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, दुकान बंद कर आणि इकडं ये. कशाला ओढाताण करतेस?" काकू म्हणाल्या, "बघते." दुकान बंद पडेल हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. हेही दिसत होतं, की कारखान्याच्या माणसाला फोन करून एक वाक्य सांगितलं की सगळं सुटेल. तेच वाक्य त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. ज्याला त्याला आधीच कळलेलं असायचं, माणसं चेहरे पाडूनच आत यायची. इथंच घोडं पेंड खात होतं.

मग एके सकाळी मशीन म्हणालं, तात्पुरत्या पासवर्डची मुदत संपली आहे. काकूंना फोन करावाच लागला. "पासवर्ड चालत नाही," एवढंच त्या बोलल्या.

तो माणूस दुपारी आला. बसवाला नेहमीच्या खुर्चीत होता.

"अहो काकू, आठवडा दिला होता की," तो हसत म्हणाला. "असू दे. काकांना बोलवा. आता त्यांनी समोर बसूनच टाकायला लागेल. मी तोंड फिरवून उभा राहतो, बघत नाही."

"विचारते," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांनी पेला भरला. प्यायल्या नाहीत. चाकाला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर जाऊन नाही म्हणतात असं सांगण्यात आता अर्थ नव्हता. हो म्हणतात असं सांगण्यातही नव्हता.

बाहेर तो माणूस वाट बघत राहिला. मग त्यानं हाक मारली, "काका, दोनच मिनिटांचं काम आहे." मग तो पडद्याकडं निघाला. बसवाल्यानं बसल्या जागेवरून हात आडवा केला. "थांबा जरा," तो म्हणाला. "त्या येतील."

"आत या," काकूंचा आवाज आला.

त्यानं पडदा सारला. स्टुलावर फ्रेमची खोकी. खुंटीला एक ॲप्रन, छातीशी काचेच्या भुकटीनं पांढरा झालेला. कोरडं चाक. वर पंखा फिरतोय आणि पेला हातात धरून काकू उभ्या. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. खोलीला दुसरं दार नव्हतं.

"काका?"

"ते वारले," काकू म्हणाल्या. "हिवाळ्यात."

गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसं ते वाक्य बाहेर आलं. काकूंना वाटत होतं, ते उच्चारलं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला.

त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मी त्यांच्याशी बोललो होतो," तो म्हणाला.

"हो."

"पासवर्ड सांगितला होता."

"मी ऐकला."

तो तिथंच घोटाळला. काय म्हणावं ते त्याला कळेना, आणि या दुकानात ती काही नवी गोष्ट नव्हती. शेवटी म्हणाला, "मला माहीत नव्हतं, काकू."

"तुमची काय चूक? माणसं दोन, असं मीच सांगितलं."

तो बाहेर येऊन मशीनपुढं बसला. आपल्याला येतं ते काम करावं, हे त्यातल्या त्यात बरं. त्यानं स्वतःकडची कसलीशी किल्ली जोडली, भराभर काहीतरी टाइप केलं. काकू त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. "तुम्हालाच मुख्य करून टाकलंय," तो हळू म्हणाला. "आता सगळं तुमच्या परवानगीनं. फक्त ते दुसरं अकाउंट तेवढं काढायचं राहिलंय."

पडद्यावर चौकट होती. 'मालक' हे खाते कायमचे काढून टाकायचे आहे का? यातील सर्व काही नष्ट होईल.

काकू ते वाचत होत्या हे बघून तो घाईनं म्हणाला, "यात काही नाहीये, काकू. तुम्ही घाबरू नका. पूर्ण रिकामं आहे. यात कधी कोणी बसलंच नाही."

कधी कोणी बसलंच नाही. काकूंनी मान हलवली. खरंच होतं ते. या मशीनला मालक माहीतच नव्हते. त्यांचे पाण्यानं सुरकुतलेले अंगठे, काच उजेडात धरताना एक डोळा मिटायची सवय, आज किती वाईट झालो मी, यातलं काही या करड्या गोलात नव्हतं. तरी त्यावर नाव त्यांचं होतं.

"काढू?" त्यानं विचारलं.

"मालकांना विचारून सांगते," काकू म्हणाल्या.

त्या माणसानं माउसवरचं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. बसवाला या वेळी बुटांकडं बघत नव्हता. त्यानं नाकावरचा ओरखडलेला चष्मा काढून हातात घेतला. काकू आत गेल्या.

त्यांनी पेल्याला हात लावला नाही. स्टुलावरची खोकी एकेक करून खाली ठेवली. स्टूल मोकळं केलं आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या इथं विचारायला म्हणून आल्या होत्या आणि एकदाही त्यांनी विचारलं नव्हतं. पाणी प्यायच्या आणि स्वतःचाच नकार त्यांच्या नावानं घेऊन जायच्या. ते मान खाली घालून काच घासत राहायचे. कधी म्हणाले नाहीत, की अगं, मला एकदा विचार तरी.

"अहो," काकू म्हणाल्या. आवाज त्यांना ओळखीचा वाटला नाही. "काढून टाकू का?"

आणि त्या उत्तरासाठी थांबल्या. खरोखर थांबल्या. मालकांनी आयुष्यात कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. जे काही नकार या खोलीतून बाहेर गेले, ते सगळे काकूंचे होते. त्यांना विचारलं असतं, कोणत्याही दिवशी, कशासाठीही, तरी एकच उत्तर मिळालं असतं, आणि ते काकूंना आत्ता इतकं स्पष्ट ऐकू आलं, की त्यांनी चाकाची कड घट्ट धरली.

बाहेर दोघं बसून होते. कोणी घड्याळ बघितलं नाही.

पडदा सरला. काकूंचा चेहरा ओला होता, हनुवटीपर्यंत, आणि त्यांनी तो पुसला नव्हता. आतला पंखा बंद झाला होता.

"काढा," काकू म्हणाल्या. "हो म्हणतात."